तीन चौदाची उडी

जुनी वस्तू टाकून नवी घेणाऱ्या माणसाची अपेक्षा अगदी साधी असते. नवी वस्तू जुनीपेक्षा सर्व बाबतींत वेगळी असावी, आणि ते कोणाला कळू नये.

स्केटिंग हॉलमध्ये दर रविवारी तीन ते सहा गाणी वाजवणाऱ्या सुईदादाची अपेक्षाही यापेक्षा जास्त नव्हती. सोमवार ते शनिवार तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासायचा आणि त्याला कोणी ओळखत नसे. (गिऱ्हाइकाला चष्मा लागेपर्यंत तो दिसत नसे, आणि चष्मा लागला की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघत बसे.) रविवारी मात्र तो हॉलच्या वळणावरच्या लाकडी चौथऱ्यावर दोन तबकड्यांमागे उभा राही, आणि सत्तर माणसं त्याच्या तालावर गोल फिरत. नऊ वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. फिरत्या तबकडीवर इतक्या हलक्या हाताने सुई टेकवणारा माणूस दुसरा नाही, असं सगळे म्हणत. म्हणून नाव सुईदादा.

या व्यवस्थेत एकच दोष होता, आणि तो भौतिकशास्त्राचा होता. हॉलची जमीन लाकडी. चौथऱ्याजवळ कोणी आपटलं की हादरा जमिनीतून टेबलाच्या पायांत, पायांतून तबकडीत आणि तबकडीतून सुईत जाई. सुई उडे. गाण्याची अर्धी ओळ गायब होई. यावर सुईदादाने उपाय शोधला होता. पडणारा माणूस पडण्याआधी दोन्ही हात हवेत फिरवतो. तेवढ्या वेळात सुईदादा तर्जनीचं टोक सुईच्या दांडीवर टेकवून ठेवी. दहापैकी आठ वेळा जमे. सवयीने हे इतकं अंगवळणी पडलं होतं की उरलेल्या दोन वेळच्या उड्या त्याच्या कानाला ऐकूही येत नसत.

मालकीणबाईंच्या कानाला येत. एका रविवारी त्या स्वतः चाकांचे बूट घालून उतरल्या, आणि त्यांच्या आवडत्या गाण्याची अर्धी ओळ त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

"अहो सुईदादा," त्या कठड्याला धरून म्हणाल्या, "माणसं पडलेली मला चालतात. गाणं पडलेलं चालत नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपासून मला डिजिटल पाहिजे. नाहीतर चाकवाला आहेच."

चाकवाला म्हणजे बुटांची चाकं दुरुस्त करणारा. तो कोपऱ्यातून फोन उंचावून म्हणाला, "माझ्याकडे सगळी गाणी आहेत, बाई. परवा मेव्हण्याकडे सलग चार तास वाजवलं. मध्ये फक्त दोनदा फोन आला."

रविवार गेला, तर आठवड्यात उरणार होते सहा दिवस आणि भिंगं.

त्या संध्याकाळी त्याने पर्याय निवड समिती स्थापन केली. सदस्य दोन: तो स्वतः आणि त्याची धाकटी बहीण. बहीण रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. भिंतीवर लावलेला रंग वाळताना पाहून त्याची नोंद करणं हे तिचं काम, त्यामुळे समितीला लागणारा संयम तिच्यात जन्मजात नसला तरी नोकरीमुळे आलेला होता. तिने एका बैठकीत पाच पर्यायांचा अहवाल लिहून काढला आणि दादाने तो मोठ्याने वाचला.

पहिला पर्याय, संकेत-तबकडी. हिच्यावर गाणं नसतं, नुसता एक किरकिरा संकेत असतो. तो सुई वाचते, लॅपटॉप ओळखतो आणि आपल्या पोटातलं गाणं तबकडीच्या चालीने वाजवतो. हात, सुई, दिमाख, सगळं जुनंच राहतं. चारशे तबकड्यांच्या जागी दोन येतात. (वाढ: एक लॅपटॉप, एक डबी, सात वायरी आणि लॅपटॉप ऐनवेळी स्वतःला अद्ययावत करायला घेईल ही धास्ती.) सुईदादाला हा पर्याय फार आवडला. पण सुई राहिली म्हणजे तिचं उडणंही राहिलं, असं बहिणीने समासात लिहिलं होतं.

दुसरा पर्याय, पेनड्राइव्हवर चालणारी दोन यंत्रं. मालकीणबाईंच्या भाच्याने ती हौसेने घेतली होती आणि कंटाळून हॉलच्या कपाटात ठेवली होती. पाच पेट्या, पेटीमागे अठरा किलो, म्हणजे नव्वद किलो तबकड्या एकतीस पायऱ्या चढवायच्या. पेनड्राइव्हचं वजन चौदा ग्रॅम. "पण खिशातून काढून दाखवलं तर लोकांना काय दिसणार?" सुईदादाने विचारलं. "तुझा अंगठा," बहीण म्हणाली.

आवाजातला फरक तपासण्यासाठी आईला पाठमोरं बसवून वीस वेळा चाचणी घेण्यात आली. कधी तबकडी, कधी पेनड्राइव्ह. आईने वीसपैकी वीस ओळखले. सुईदादाचा ऊर भरून आला. मग बहिणीने विचारलं, "आई, कशावरून ओळखलंस गं?"

"त्यात काय! तबकडी असली की हा उठतो, खुर्ची करकरते. नसली की बसून राहतो."

खुर्ची बदलून चाचणी पुन्हा घेतली. वीसपैकी दहा. नाणं उडवलं तरी एवढंच येतं. समितीच्या बहुमताने (सदस्य दोन, बहुमत एक) आईचे कान मोजमापास अयोग्य ठरवले.

चौथा पर्याय, एकात्मिक पाटी. तबकड्या, बटणं आणि बासष्ट दिवे एकाच फळीवर. तिच्यात दोन गाण्यांचा ताल आपोआप जुळवणारं बटण असतं. सुईदादाला ताल कानाने जुळवायला अकरा सेकंद लागत. बटण ते काम तीन सेकंदांत करतं. त्याने हा अपमान म्हणून नोंदवायला सांगितला. बहिणीने नोंदवला: "अपमान, आठ सेकंद."

पाचवा पर्याय, फोन. तो चाकवाल्याचा असल्यामुळे चर्चेविना फेटाळला.

गुणांकनाचा तक्ता सुईदादाने स्वतः केला. आवाज वीस गुण, वजन वीस, खात्री वीस, 'जुन्यासारखं वाटणं' चाळीस.

"दादा, उत्तर आधीच ठरवायचं होतं तर तक्ता कशाला काढला?"

"निःपक्षपातीपणासाठी."

तरीही जिंकला दुसरा पर्याय. मुदतीला एकच रविवार उरला होता, आणि कपाटाची किल्ली चौकीदाराकडे होती.

आता प्रश्न गाण्यांचा. ती विकत मिळतात, पण ती कोणाच्याही तबकडीवरची असतात. सुईदादाला स्वतःच्या तबकड्यांवरची हवी होती. चारशे तबकड्या उतरवून घ्यायला दोनशे सदुसष्ट तास लागणार, असा हिशेब निघाला. मग बहिणीने त्याच्या जुन्या वह्या तपासल्या. नऊ वर्षं तो तीच सेहेचाळीस गाणी त्याच क्रमाने वाजवत होता. (उरलेल्या तबकड्या इतकी वर्षं दर रविवारी वर चढून हवा खाऊन खाली येत होत्या.) सेहेचाळीस गाणी म्हणजे बरोबर तीन तास. म्हणजे एका रविवारचं काम.

"रविवारी? लोक स्केटिंग करत असताना?" बहिणीने विचारलं.

"मग काय रिकाम्या हॉलमध्ये? रिकाम्या हॉलचा आवाज मेलेला असतो गं."

(वायरीतून लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या आवाजाला हॉल रिकामा आहे की भरलेला, हे कळत नाही. सुईला कळतं.)

त्या रविवारी सुईदादाचं लक्ष लॅपटॉपवर नाचणाऱ्या हिरव्या पट्टीकडे होतं. चौथऱ्याजवळ अकरा माणसं पडली. अकराही वेळा बोट उशिरा पोचलं. घरी त्याने प्रत्येक गाण्याचे पहिले दहा आणि शेवटचे दहा सेकंद ऐकून पाहिले. सगळी उत्तम होती. यालाच नमुना तपासणी म्हणतात, आणि मोठमोठे पूल याच पद्धतीने पास होतात.

पहिल्या रविवारी तो चौदा ग्रॅम घेऊन एकतीस पायऱ्या चढला. त्याला वर पोचल्यासारखंच वाटेना, म्हणून तो पुन्हा खाली जाऊन वर आला. तीनला सुरुवात झाली. तीन वाजून चौदा मिनिटांनी, चौथ्या गाण्यात, अर्धी ओळ गायब झाली. कोणी पडलं नव्हतं. सुईदादाची तर्जनी आपोआप पुढे गेली आणि यंत्राच्या काचेवर टेकली. काचेने शांतपणे वेळ दाखवली. तेवढ्यात तालावर फिरणाऱ्यांचे पाय चुकले, आणि चौघे पडले.

पूर्वी माणसं पडत म्हणून गाणं उडे. आता गाणं उडे म्हणून माणसं पडू लागली. कारण आणि परिणाम यांची अशी सरळ अदलाबदल प्रयोगशाळेतसुद्धा सहजी साधत नाही.

सहा वाजेपर्यंत अकरा उड्या आणि एकोणतीस पडझडी झाल्या. चाकवाला फोनची वायर हातात घेऊन चौथऱ्याच्या पायरीवर येऊन बसला. "घाई नाही," तो म्हणाला, "तुमचं आवरू दे." मालकीणबाई सुईदादाला म्हणाल्या, "अजून दोन रविवार."

पण माणूस शिकणारा प्राणी आहे. दुसऱ्या रविवारी तीन चौदाला नेहमीच्या काहींनी ओळ जिथे तुटते तिथे हलकीशी उडी मारली आणि पुढच्या ठोक्यावर अचूक उतरले. तिसऱ्या रविवारी सत्तरच्या सत्तर जणांनी मारली. एकशे चाळीस बूट एकदम जमिनीवर आदळले. खिडक्यांची तावदानं थरथरली. पेनड्राइव्हला काहीच झालं नाही. पडझड: शून्य.

मालकीणबाई हरखून गेल्या. दारावर 'उडीच्या वेळा' असा फलक लागला: तीन चौदा, तीन एकतीस, आणि असे अकरा. नवशिक्यांसाठी शनिवारी उडीचा वर्ग सुरू झाला. चाकवाल्याकडे तुटलेल्या चाकांची अशी रीघ लागली की फोन उचलायला त्याला सवड होईना. "सुईदादा, तुम्ही हात लावाल त्याचं सोनं होतं," असं तो म्हणू लागला.

सुईदादाला मात्र झोप येईना. दिवसभर भिंगावरचा ओरखडा शोधणारा माणूस तो. स्वतःच्या कामात अकरा ओरखडे ठेवून कसा जगणार? त्याने घरी, दारं लावून, आईला न हलण्याची ताकीद देऊन सगळी सेहेचाळीस गाणी पुन्हा उतरवली. या वेळी शेवटपर्यंत ऐकली. एकही उडी नव्हती. चौथ्या रविवारी त्याने कोणाला न सांगता ती लावली.

तीन चौदाला सत्तर माणसं हवेत गेली. गाणं मात्र सरळ पुढे गेलं. खाली आली तेव्हा ठोका जागेवर नव्हता. बावन्न माणसं पडली. त्यांत मालकीणबाई होत्या.

"सुईदादा!" त्या जमिनीवरूनच ओरडल्या. "गाणं पडलं!"

"बाई, गाणं नाही पडलं. माणसं पडली."

"तेच म्हणतेय मी! गाणं नीट असतं तर माणसं कशी पडली असती? आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, नाहीतर चाकवाल्याला बोलावते."

सुईदादाने खिशातून जुना पेनड्राइव्ह काढून लावला. तीन एकतीसला सगळा हॉल एकदम उडाला आणि एकदम उतरला. त्याचा रविवार वाचला. आता तो दर रविवारी त्या वेळी तर्जनी काचेवर टेकवतो. त्याने काही होत नाही, पण लोकांना तो इशारा वाटतो.

समितीचा अहवाल बहिणीने जपून ठेवला आहे. त्यात तिसरा पर्याय असा आहे: "टेबलाच्या चार पायांखाली जाड रबराचे चार तुकडे ठेवावेत. सुई उडणार नाही. बाकी काहीही बदलू नये." वाचताना दादा दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेला, आणि बहिणीला वाटलं की त्याने विचारपूर्वक वगळला असेल.

त्याला हसण्यात अर्थ नाही. पाच पर्याय आहेत, असं वर स्पष्ट म्हटलं होतं. वाचकांपैकी ज्यांना दुसऱ्यानंतर चौथा आलेला खटकला, ते तिथेच पडले असतील. त्यांना फार लागलं नसेल अशी आशा आहे. बाकीच्यांनी उडी छान मारली. शनिवारच्या वर्गाला येण्याची त्यांना गरज नाही.