जांभई दिली की नियम बदलतो

अण्णा टिपणिसांच्या घरी जांभई द्यायची सोय नाही. दिली, की खेळाचा नियम बदलतो.

तुमची सोंगटी जिंकायच्या बेतात असते, तुम्ही फासा हातात घोळवत असता, आणि समोरच्याला जेवणाची सुस्ती येऊन त्याचं तोंड उघडतं. अण्णा ताबडतोब हात वर करतात. "थांबा! इथे कंटाळा आहे." मग कात्री येते, पुठ्ठ्याचा तुकडा येतो, आणि कुठल्याशा ताज्या नियमाखाली तुमची सोंगटी पहिल्या घरात परत जाते. तक्रार केलीत तर उत्तर ठरलेलं, "नियम तात्पुरता आहे हो."

अण्णा नौपाड्यात आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. लग्न केलं नाही. सगळी नोकरी एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी आखण्यात गेली. औषधांची खोकी, बुटांची, मिक्सरची. निवृत्त झाले तरी पुठ्ठा काही सुटला नाही, म्हणून पटावरचे खेळ बनवायला लागले. सोंगट्या म्हणजे शर्टाची बटणं आणि खोकल्याच्या औषधाची झाकणं. फासा स्वतः कोरलेला. त्याच्यावर एक नाहीच, सहा दोनदा आहे. "एक पडला की माणसाचं तोंड पडतं. कशाला?"

दर रविवारी दुपारी नव्या खेळाची चाचणी असते. परीक्षक तिघं. सुलभाताई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण अजून मध्येच बोलणाऱ्याकडे अशा बघतात की त्याने आपणहून उभं राहावं. दुसरा म्हात्रे. हा मूळचा बाळकुमचा, आमच्या इमारतीखाली त्याचं झेरॉक्सचं दुकान. खेळात उघडउघड लबाडी करतो आणि पकडला गेला की म्हणतो, "टेस्टिंगच चाललंय ना? मी चोरी टेस्ट करतोय."

तिसरा मी. मी बोलत नाही. पन्नाशी उलटली, 'बरं', 'चालेल' आणि 'छान' एवढ्यावर नोकरी झाली आणि संसारही. न बोललेलं मात्र आत साचतं आणि डाचत राहतं. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

अण्णा खेळताना पटाकडे बघत नाहीत, आमच्या तोंडांकडे बघतात. आणि उठायच्या वेळी विचारतात, "कंटाळा कुठे आला? खरं सांगा. खोटं बोललात तर खेळ मरेल." सुलभाताई म्हणतात, "रंग गोड आहेत." म्हात्रे म्हणतो, "एकदम सॉलिड!" मी म्हणतो, "छान."

मागे अण्णा बहिणीकडे आंबिवलीला निघाले होते. स्टेशनवर उतरून शेअर रिक्षात बसले. रिक्षा तिसरा प्रवासी आल्याशिवाय हलेना. आपण वैतागलो असतो. अण्णा परत आले ते फुलून. "अहो, तासभर बसलो! शेजारच्या गृहस्थाची सगळी सोयरीक कळली. काय खेळ आहे हा!"

झालं. 'भरली की निघाली' नावाचा खेळ तयार. रिक्षात तीन बटणं बसली की ती सुटायची आणि ज्याची रिक्षा पहिली पोचेल तो जिंकायचा. पण दोन बसली, तिसरं पाय ठेवतंय, एवढ्यात कुणालातरी कार्ड यायचं, 'चष्मा विसरलात, घरी परत जा.' दुसरं कार्ड, 'मावशी भेटल्या, खाली उतरा.' मध्ये वडे-चहा झाला, उन्हं उतरली, दिवे लागले. रिक्षा स्टँडवरच.

"अण्णा, ड्रायव्हर म्हातारा झाला," म्हात्रे म्हणाला.

"कंटाळा कुठे आला?" अण्णांनी विचारलं. सुलभाताईंना रंग गोड वाटले. म्हात्रेला सॉलिड वाटलं. मी 'छान' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच कानांवर भलतंच आलं.

"अण्णा, हा खेळ संपत नाही. तुमचा कुठलाच खेळ संपत नाही. ती कार्डं काढून टाका."

"अगंबाई," सुलभाताई म्हणाल्या, "हे बोलतात!"

अण्णा दोन्ही हातांनी माझा हात धरून म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिला खरा परीक्षक." मी घरी गेलो तो छाती फुगवून. बायकोलाही दोन खऱ्या गोष्टी सांगून टाकल्या. त्याचं पुढे काय झालं तो इथला विषय नाही.

पुढच्या रविवारी कार्डं नव्हती. रिक्षा भरली, निघाली, पोचली. सुलभाताई जिंकल्या. खेळ असा रंगला की म्हात्रे लबाडी करायचं विसरला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुलभाताईंनी पर्स उचलली. "बरं झालं बाई, उजेडात भाजी घेऊन होईल." म्हात्रे म्हणाला, "चला, दुकानाची सफाई करून टाकतो." मीही चपला घातल्या.

खाली पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा वरच राहिला. परत गेलो. दार लोटलेलंच होतं. स्वयंपाकघरात ताटात साबुदाण्याचे वडे थापून ठेवले होते, कढईतलं तेल गारच होतं. वडे नेहमी खेळाच्या मध्यावर व्हायचे, आणि आज मध्य आलाच नव्हता. अण्णा पटाशी बसून चौघांच्या वतीने एकटेच फासा टाकत होते. सहा पडला. ते खूश झाल्यासारखे दिसले नाहीत.

"चष्मा विसरलात?" ते हसले. "ते कार्ड तर मी काढून टाकलं."

मी चष्मा उचलला. "अण्णा, खेळ संपवायचा कसा, हे तुम्हाला आधीपासून येत होतं?"

"खोकी करणारा माणूस मी," अण्णा बटणं गोळा करत म्हणाले. "बंद कसं करायचं ते पहिल्या दिवशीच शिकवतात. उघडं ठेवायलाच डोकं लागतं."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. मी 'बरं' म्हणालो. हा शब्द मला इतका नालायक कधी वाटला नव्हता.

आठवडाभर मी कुणाशी बोललो नाही, म्हणजे नेहमीसारखाच वागलो. रविवारी पट मांडला गेला. दोन बटणं रिक्षात होती, तिसरं म्हात्रेच्या चिमटीत.

मी जांभई दिली.

नीट जमली नाही. शेवटी ठसका लागला. अण्णांचा हात वर जाता जाता अर्ध्यावर थांबला. "कंटाळा?"

"हो," मी म्हणालो. "फार लवकर सुटते हो ही रिक्षा. माणसांची धड ओळखसुद्धा होत नाही."

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून शाळेत कुणाला चालू दिली नसती अशी लांबलचक जांभई दिली. म्हात्रेला आधी काही कळलं नाही. ताईंनी खालून त्याच्या पायावर पाय दिला, तेव्हा त्याचाही जबडा उघडला.

अण्णा तिघांची तोंडं आळीपाळीने बघत राहिले. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले.

"नियम तात्पुरता होता," शेवटी म्हणाले आणि कात्री शोधायला उठले.

"कात्री मी घेते," सुलभाताईंनी पर्स खुंटीला अडकवली. "तुम्ही आधी वडे तळायला घ्या. ही रिक्षा काही इतक्यात सुटत नाही."