अमोनिया होताच!

माझ्या नाकाला तोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि बाळ झाल्यापासून तर विचारूच नका! शेजारणीचं दूध उतू जाणार असलं की तिच्याआधी मला कळतं. नवरा अजून जिन्यात असतो, तेवढ्यात त्याने कोपऱ्यावर सिगारेट ओढलीय हे मी बंद दाराआडून सांगते. तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सगळी मुलं कपाळाला हात लावून बसली होती, तरी मी निर्धास्त होते.

म्हणजे वरून निर्धास्त! आतून धाकधूक होतीच. बाळंतपणात ही एकच परीक्षा राहून गेली होती. ती सुटली की पदवी, आणि पदवी हातात आली की पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, "जागा धरून ठेवते तुमच्यासाठी. पण या निकालापर्यंतच हं!" दिवसभर बाळाशी 'अगुबाई, कोण आलं, कोण आलं' करून करून माझी जीभ लुळी पडली होती. कुणीतरी मला एखादी शहाणी गोष्ट विचारावी, एवढीच इच्छा उरली होती.

टेबलावर आम्ही तिघं. मी, वर्गात पहिली येणारी चष्मिस आणि एक लंबू. शिपायाने एकाच बाटलीतून तिघांनाही चमचा चमचा पांढरी पूड दिली. ओळखा हा क्षार कुठला! मिठासारखी दिसणारी, तोंड न उघडणारी ती पूड. माझा अर्धा जीव तिच्यात आणि अर्धा फाटकाबाहेर, जिथे सासूबाई बाळाला घेऊन बसल्या होत्या. रस्त्यावर भोंगा वाजला तरी मला बाळच रडल्यासारखं वाटायचं.

त्यात टेस्टट्यूब धरायचा चिमटा ढिला! मग घरून आणलेलं फडकं मी नळीभोवती गुंडाळलं, पुडीवर कॉस्टिक सोडा ओतला, थोडा फडक्यावरही सांडला, आणि नळी ज्योतीवर धरली. आणि आहाहा! अमोनिया! डोळ्यांतून टचकन पाणी काढणारा, खणखणीत अमोनिया! पुस्तकात लिहिलंय, वास आला तरी ओल्या लिटमस कागदाने खात्री करून घ्या. अहो, आपलं पोर ओळखायला कुणी जन्मदाखला मागतं का? मी झोकात लिहिलं, 'अमोनियमचा क्षार', खाली जाड रेघ ओढली आणि बाहेर पडले.

परीक्षेनंतर उत्तरं ताडून बघणं म्हणजे दुखऱ्या दातावर सारखी जीभ फिरवणं! तरी पायऱ्यांवर सगळे तेच करत बसले होते.

"ताई, तुमचं काय आलं?" चष्मिसने विचारलं.

"अमोनियम. तुझं?"

तिचा चेहरा पडला. "झिंक. सोडा घातल्यावर पांढरा साका आला, अजून घातल्यावर विरघळला. झिंकच ना?"

"माझंही झिंक," लंबू म्हणाला.

"अरे, पण वास?"

"मला नाही आला," लंबूच म्हणाला.

"तुला सर्दी असेल."

"नाहीये हो ताई!"

"असेल, तुला कळली नसेल!"

आता हे मी ज्या ठसक्यात म्हटलं, त्या ठसक्यात कुणी मला 'पृथ्वी चौकोनी आहे' म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. चष्मिस हवा हुंगायला लागली. "मला खरंच काही वास आला नव्हता. माझं नाक गेलं का हो, ताई?" आणि तिचा बांधच फुटला. तेवढ्यात मागच्या टेबलावरची एक मुलगी म्हणाली, "वास तर आमच्यापर्यंत आला होता! मळमळायला लागलं मला."

"बघा!" मी विजयी स्वरात म्हटलं. "साका फसवेल, वास फसवत नाही!"

संपलं! पायऱ्यांवर सुतकी कळा पसरली. पहिली येणारी मुलगी रडतेय म्हटल्यावर बाकीच्यांनी हातपायच गाळले. लंबूने घरी फोन लावला. "बाबा, माझं वर्ष गेलं." पलीकडून बाबांनी जे ऐकवलं, ते फोन कानापासून हातभर लांब धरूनही आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! पण आत कुठेतरी बरंही वाटलं. बाळ झालं म्हणून डोकं गंजलेलं नाही आपलं!

"रडू नकोस गं," असं म्हणत मी चष्मिसच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातातल्या फडक्याने कपाळ पुसलं.

ती एकदम रडायची थांबली. नाक वर केलं. "ताई, आला! आत्ता आला अमोनियाचा वास!"

"येणारच! हाताला लागलाय माझ्या."

तेवढ्यात सासूबाई बाळाला कडेवर घेऊन पायऱ्या चढून आल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि ओरडल्या, "अगं बाई! कालचा लंगोट तुझ्याकडे काय करतोय? खुर्चीवर वाळून गेला होता, तो धुवायला म्हणून सकाळी घरभर शोधला मी!"

मी हातातलं फडकं उलगडून बघितलं.

सकाळी घाईघाईत मी खुर्चीवरून ओढलेलं ते 'फडकं'! त्यावर सोडा सांडला, त्याला ज्योतीची ऊब दिली... आणि बाळाच्या वाळलेल्या शूमधून निघाला तो खणखणीत अमोनिया!

पहिली हसली चष्मिस. मग सगळेच. लंबूने तर पुन्हा फोन लावला. "बाबा, वर्ष गेलं नाही माझं! नाही नाही, ताईंचं गेलं!"

मी उलट्या पावली आत धावले. परीक्षक उत्तरपत्रिका बांधत होते. मी लंगोट पुढे धरून सगळी हकिकत सांगितली, रडले, हात जोडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकदा लंगोटाचा वास घेतला, लगेच मान मागे केली.

"बाई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "अमोनिया आहे. फक्त हा नमुना परीक्षेला नव्हता."

"थोडे तरी गुण, सर?"

"क्षारच चुकलाय. आणि लिटमसने खात्रीही केली नाहीत तुम्ही. पुढच्या वर्षी या."

पुढच्या वर्षी! प्रयोगशाळेतल्या बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्या जागेवर कुणीतरी दुसरी बसेल, पांढरा कोट घालून, पाण्याच्या बाटल्या उजेडात धरून. आणि मी घरात, 'अगुबाई, कोण आलं'!

बाहेर आले तर पायऱ्या रिकाम्या झाल्या होत्या. सासूबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं.  फाटकापर्यंत आल्यावर मी म्हटलं, "पुढच्या वर्षी या म्हणाले."

 बाळाचं टोपडं सारखं करत त्या म्हणाल्या, "असू दे गं. तोवर हा सांगून करायला लागेल!"