घाटाच्या माथ्यावर उतरा

माझ्या लग्नाला मी चालत गेलो. यवतमाळहून निघताना ट्रकमध्येच बसलो होतो, हे कबूल. जिनिंगच्या शेटजींनी आपल्या कारकुनाच्या लग्नासाठी ट्रक फुकट दिला होता, आणि अख्खं वऱ्हाड त्यात सतरंज्या टाकून बसलं होतं. धामणगावच्या वाटेवर करळगावच्या घाटाच्या माथ्याला ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्याने मागचा फाळका पाडला आणि म्हणाला, "उतरा."

"काय झालं? बिघडला का?" माझ्या मोठ्या काकांनी विचारलं.

"नाई. चांगला हाये. म्हनूनच उतरा. घाट पायी उतराचा, खाली गेलं का बसाचं."

"अहो, हा नवरदेव आहे!"

"नवरदेव हाये म्हनूनच तं म्हनतो. पोरीवाल्यायनं त्याले बोलावलं, त्याच्या फोटोले नाही."

मे महिन्याच्या उन्हात मी मुंडावळ्या सावरत घाट उतरू लागलो. मागे काका, काकांच्या मागे बायामाणसं, आणि सर्वांत मागे बँडवाले. चालायला लागलं की वाजवायचं, एवढंच बँडवाल्यांना ठाऊक. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांच्याही मागून, पहिल्या गिअरात, मुंगीसारखा रिकामा ट्रक येत होता. मुहूर्त टळला. भटजींनी दुसरा काढला. लग्नात माझा चेहरा लाल झाला होता तो लाजेने, असं सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. मी कधी खुलासा केला नाही.

त्या ड्रायव्हरचं नाव हरसिंग राठोड. आम्ही सगळे त्यांना हरसिंगभाऊ म्हणायचो. आपला जिल्हा मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मी जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या गाठी रवाना करणारा कारकून होतो आणि हरसिंगभाऊ त्या गाठी धामणगावच्या मोठ्या लाइनीच्या स्टेशनावर पोचवायचे. ट्रक लढाईतला होता, मिलिटरीच्या लिलावातून आलेला. हरसिंगभाऊ त्याला 'याडी' म्हणायचे. त्यांच्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवून "चाल याडी" म्हणायचे, आणि चढणीवर ती धापा टाकायला लागली की आजारी माणसाशी बोलावं तसं हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचे.

त्यांचा तांडा कळंबजवळ. आता तिथे सगळे शेती करतात, पण त्यांच्या आजोबांच्या काळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. हे आजोबा हरसिंगभाऊंच्या बोलण्यात दिवसातून चारदा तरी यायचेच. "माह्या आज्यानं इतले बैलं घाटातून उतरवले, एकाचाबी पाय मोडला नाही. काहून? बैलाच्या पाठीवर दोन गोन्या. तिसरी ठेवली तं बैल बोलत नाही बाबूजी, पन घाटात सांगते."

म्हणून याडीवर गाठी तीस. एकतिसावी नाही. हमालांनी ठेवली, तर हरसिंगभाऊ जमिनीवर मांडी घालून बसायचे. ती खाली उतरेपर्यंत उठायचे नाहीत. एकदा तर तिथेच बसून त्यांनी भाकरी खाल्ली, पान खाल्लं आणि एक डुलकीही काढली.

पण त्यांचा खरा छंद याहून अजब होता. ट्रक चालवून पोट भरणारा हा माणूस, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगायचा, "शेटजी, माल रेल्वेनं पाठवा."

"मग तू काय करशील?"

"थे मग पाहू. रेल्वेले पाटा हाये ना बापा. पाटा तिले इकडं-तिकडं हलू देत नाही. मले कोन धरून ठेवते? एक ब्रेक, एक मी, अन् दोघंबी म्हातारे."

आमच्या यवतमाळला रेल्वे होती, पण छोटी. मूर्तिजापूरपर्यंत जायची, तीही सवडीने. दारव्ह्याला गार्डाची सासुरवाडी असावी असा आमचा संशय होता, इतकी ती तिथे रमायची. मूर्तिजापूरला छोट्या डब्यातल्या गाठी काढून मोठ्या डब्यात भरायच्या. त्यात हमालांच्या लोखंडी आकड्यांनी गाठी फाटायच्या, पावसात भिजायच्या, मोठा डबा मिळेपर्यंत आठ-आठ दिवस पडून राहायच्या. म्हणून शेटजींना ट्रक प्यारा.

गंमत म्हणजे छोट्या स्टेशनावरचे मालबाबू शेटजींच्याच बाजूचे होते. एक ट्रक भरला की त्यांचा एक डबा भरायचा वाचायचा. ते हरसिंगभाऊंना हात जोडायचे. "हरसिंग, ट्रक म्हणजे प्रगती आहे रे. दारातून दारात माल! रेल्वेचं काय कौतुक करतोस?"

"बाबूजी, तुमच्या गाडीखाली आजलोक बकरी तरी मेली का?"

"आमच्या गाडीला बकरी ओलांडून जाते!"

"मंग? हेच तं म्हनून राह्यलो मी."

रेल्वेचा नोकर ट्रकची बाजू घेतोय आणि ट्रकचा ड्रायव्हर रेल्वेची, असा हा वाद चहाच्या टपरीवर कितीदा रंगला असेल कोण जाणे. ऐकणाऱ्यांत दोन तट पडायचे. चहाचे पैसे मात्र दर वेळी मालबाबू द्यायचे, कारण त्यांच्याकडे वेळ भरपूर होता.

मग ती सकाळ उगवली. धामणगावला शेटजींसाठी मोठा डबा लागला होता आणि तो संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. शेटजी स्वतः वखारीत आले आणि म्हणाले, "पंचेचाळीस भरा. एकाच खेपेत."

हरसिंगभाऊ नेहमीप्रमाणे जमिनीवर बसले.

"उठ हरसिंग. आज तमाशा नको."

"तीस न्या. दुसरी खेप मी जेवल्याशिवाय मारतो."

"दुसऱ्या खेपेला डबा राहणार नाही. पंचेचाळीस नेतोस की चावी ठेवतोस?"

हरसिंगभाऊ उठले, बॉनेटला हात लावला, तो कपाळाला लावला आणि चावी शेटजींच्या हातात दिली. हमालही थांबून पाहत राहिले. शेटजींनी पुसदच्या गुलाबला बोलावलं. गुलाब पन्नाशीचा, रुबाबदार मिशीचा ड्रायव्हर. घाट उतरताना इंजिन बंद करून डिझेल वाचवतो, अशी त्याची ख्याती. गाठी भरल्या. ट्रक गाभण म्हशीसारखा दिसू लागला. दोन हमाल वर चढून बसले. कागदपत्रं घेऊन मी केबिनमध्ये बसलो, आणि पाहतो तो माझ्या शेजारी हरसिंगभाऊ.

"तुम्ही कुठे?" मी विचारलं.

"आता मी नौकर नाही. पाशिंजर हाये."

गुलाब हसला. वाटेत त्याने आपण कुठे-कुठे किती गाठी नेल्या ते सांगितलं. हरसिंगभाऊ खिडकीबाहेर बघत होते. घाटाचा माथा आला तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"गुलाब, थांबव."

"काहून?"

"लघवी लागली."

"खाली उतरल्यावर करा."

"म्हातारा मानूस हाओ. इथंच होईन पाह्य, सीटवर."

गुलाबने कपाळाला हात लावून ब्रेक दाबला. हरसिंगभाऊ उतरले. उतरताना माझा हात धरून मलाही ओढलं. मग वर बघून ओरडले, "ए पोट्टेहो! खाली या! मले दम लागला, धरा मले!" दोघे हमाल घाबरून धावत उतरले. ते जमिनीवर आल्याबरोबर हरसिंगभाऊ ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "जाय आता, गुलाब. इंजिन बंद करजो नोको. पहिल्यात जाय. कायी झालं तं डोंगराकडं घे, दरीकडं नाई."

गुलाब काहीतरी पुटपुटला आणि निघाला. आम्ही चौघे मागून चालू लागलो. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणाआधी जळक्या रबराचा वास आला, आणि मग भोंगा वाजू लागला तो थांबेचना. हरसिंगभाऊ धावायला लागले. साठीला टेकलेला माणूस धोतर खोचून उतारावर धावत होता आणि ओरडत होता, "डोंगराले लाव! गुलाब, याडीले डोंगराले लाव!"

ऐकू गेलं की सुचलं, देव जाणे. गुलाबने ट्रक डोंगरावर घातला. एक बाजू घासत, दगड उडवत तो बरंच अंतर गेला आणि मग दमलेल्या जनावरासारखा कुशीवर आडवा झाला. गाठी उधळल्या. तीन-चार दरीत गडगडत गेल्या. हमाल बसले होते तिथल्या गाठी सगळ्यांत लांब पडल्या होत्या. त्यांच्याकडे बघून दोघे हमाल रस्त्यातच खाली बसले.

हरसिंगभाऊंनी दार वर उचलून गुलाबला बाहेर काढलं. त्याचा एक हात लोंबकळत होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, मग हरसिंगभाऊंकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, झाली का लघवी?"

आम्ही हसलो. इतके हसलो, की एका हमालाला रडू फुटलं. हरसिंगभाऊ हसले नाहीत. ते बोट रोखून मोजत होते: एक, दोन, तीन, चार, आपन पाच. पुन्हा पहिल्यापासून: एक, दोन, तीन. असं तीन वेळा झालं, तेव्हा कुठे त्यांनी गुलाबचा हात बांधायला डोक्याचं पागोटं सोडलं.

"मी सांगितलं होतं" असं ते शेटजींना एकदाही म्हणाले नाहीत. पण शेटजी हादरले होते. त्या हंगामापासून सगळा माल रेल्वेने जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. मालबाबूंचं तोंड कडू झालं. हरसिंगभाऊ आयुष्यभराचा वाद जिंकले आणि त्याच दिवशी कायमचे बेकार झाले. शेटजी म्हणाले, "तुझंच ऐकलं, हरसिंग." ते म्हणाले, "बरं केलं," आणि तांड्यावर निघून गेले. शेटजींनी याडी दुरुस्त करून नागपूरला विकली.

वर्षभराने मी बायकोला घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून तांड्यावर गेलो. हरसिंगभाऊ बाजेवर एकटेच बसले होते. त्यांनी माझ्या बायकोला पाणी दिलं, गूळ दिला, आणि "घाटात तुमच्या मालकाले पायी चालवलं, राग नका धरू मायबाई," म्हणाले. ट्रकविषयी अवाक्षर नाही. जोंधळ्याबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. आम्ही उठायला लागलो तेव्हा त्यांनी घरातून एक कोरं पोस्टकार्ड आणलं. कधीचं आणून ठेवलेलं असावं. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"बाबूजी, नागपूरवाल्याचा पत्ता असन तुमच्याजोळ. एवढं लिहून द्या."

मी लिहू लागलो. ते सांगत गेले. डावा ब्रेक उशिरा लागतो. थंडीत सकाळी तिला घाई करायची नाही. तीसच्या वर भरायचं नाही. कार्ड भरत आलं.

"झालं?"

"आनखी एक. थो जो कोन नवा ड्रायव्हर असन, त्याले लिहा... घाट उतरून घरी पोचला का मले एक कार्ड टाकजो."

मी लेखणी थांबवली. "हरसिंगभाऊ, तुम्हाला वाचता कुठे येतं? इथे वाचून दाखवणारं तरी कोण आहे?"

"वाचाले कायले लागते?" ते म्हणाले. "कार्ड आलं म्हन्जे पोचला."

उरलेल्या जागेत मी तेही लिहिलं आणि खाली त्यांच्या तांड्याचा पत्ता. अक्षर बारीक करावं लागलं.