डब्यावरची भागीरथीकाकी

भागीरथीकाकी रोज सकाळी कामावर येताना स्वतःच्याच चित्रावर थुंकायची. मालवणच्या मोटार स्टँडवरच्या पत्र्याच्या पाटीवर ते चित्र होतं, आणि आमच्या मसाल्याच्या प्रत्येक डब्यावरही. खाली लिहिलेलं, आणि काकीला कुणीतरी वाचून दाखवलेलं : 'मी स्वतः भाजते, म्हणून खात्रीनं सांगते.'

"भाजते म्हणे! मी जल्मात कधी 'भाजते' म्हटलंय? मी भाजतंय!" एवढं ऐकवूनच ती चुलीपुढे बसायची.

मी तेव्हा त्या कारखान्यात कारकून होतो. आधी डब्यावर मालक भाऊशेठ स्वतः हसत असत. ते हसू बघून गिऱ्हाईक डबा पुन्हा तोलून घ्यायचं. मग भाऊशेठनी मिरच्या भाजणाऱ्या काकीचा फोटो काढवला. धुरानं लाल झालेले डोळे, कपाळावर आठ्या, फोटोग्राफरला शिवी देण्याच्या बेतातलं तोंड. डबे धडाधड खपले. एवढी रागीट बाई भेसळ करू देणार नाही, असं लोकांना वाटलं.

काकीचं डोकं मात्र कायमचं फिरलं. बाजारात कुणीही अडवायचं, "काकी, औंदा मसालो तिखाट झालो गो!"

"मगे साखर खा, मेल्या!"

भाऊशेठना तर ती तोंडावर सुनवायची, "शेटानू, माझे हात इकत घेतलास, तोंड नाय! काढा ता चित्र थंयसून!"

काही वर्षांनी मुंबईहून नवा मॅनेजर आला. त्यानं पावडर लावलेल्या हसऱ्या मुलीचं चित्र आणलं. भाऊशेठ खुशीत म्हणाले, "काकी, सुटलंस! तुझा चित्र डब्यावरसून काढतंव."

काकीनं उलथनं आपटलं. "कोणाक इचारून काढतास?"

अख्खा कारखाना थबकला. मॅनेजर हसला, तशी ती त्याच्या अंगावर धावून गेली. मी तिला कशीबशी विहिरीकडे नेलं.

तिनं खसाखसा तोंड धुतलं. मग नवऱ्याचं सांगू लागली, "घोव माझो बोटीवर खलाशी. भांडान गेलो तो इलोच नाय. मुंबैत आसा म्हणतत. खंयच्या तरी दुकानात बघतलो. कळांदे तेका, मी हयच आसंय."

मी भाऊशेठना सांगितलं. मग मुंबईला जाणाऱ्या डब्यांवर काकीच राहील, असं त्यांनी मॅनेजरला बजावलं.

दुपारी काकी डबा उलटसुलट करत माझ्या टेबलाशी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"रे, हय मालवण लिवलेला आसा मां?"

"आसा गो."

"मोठ्या अक्षरात लिवक सांग," ती खेकसली. "तेका बारीक दिसणा नाय."