जावईबापू जेवत नाहीत

मानवजातीचे दोनच वर्ग आहेत: भूक लागली की जेवणारे आणि घरादाराने विनवण्या केल्यावर जेवणारे. पहिल्या वर्गाकडे कुणी ढुंकून बघत नाही. दुसऱ्या वर्गासाठी सभा भरतात, उपाय निघतात आणि वरून साजूक तूप वाढलं जातं. अशाच एका मान्यवरांच्या सेवेचा योग पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या सोसायटीला नुकताच आला. मान्यवर मासा होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुमारच्या हॉलमध्ये, खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते राहायला आले. टाकीत जिवंत प्रवाळ आहे, खडक आहेत, निळे दिवे आहेत आणि लाटा काढणारं यंत्र आहे. व्यवस्था अतिशय शास्त्रशुद्ध. सोसायटीत टँकरचं पाणी येतं. त्यातलं सगळं काही आधी गाळून टाकायचं आणि मग त्यात परदेशातून डबाबंद आलेलं समुद्राचं मीठ कालवायचं. (उरणला आपलाही एक समुद्र आहे, परंतु तो घरचा असल्यामुळे विचारात घेतला गेला नाही.) वीज गेली की इन्व्हर्टर टाकीला आणि माणसांना वर्तमानपत्राचा वारा. मला या वाटपात काहीच गैर दिसत नाही. माणसं काय, सगळीकडे मिळतात.

मासा देखणा होता. रुपेरी अंग, त्यावर केशरी पट्टे आणि चिमट्यासारखं लांब तोंड. पण आल्या दिवसापासून त्याने अन्नाला शिवायचं नाव काढलं नाही. कुमारच्या बायकोने, सुमतीने, त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "तोंड लांब करून कोपऱ्यात बसलाय. अगदी रुसलेले जावईबापू." नाव तिथेच पडलं.

सुमतीच्या बोलण्याला धार होती, कारण टाकीची जागा मुळात तिच्या सोफ्याची. सोफा पसंतही करून झाला होता. शेवटी नवरा-बायकोत तह झाला: मासा जगला तर टाकी राहील, मासा गेला तर टाकी जाईल आणि तिथे सोफा येईल. कुमारने तो आनंदाने मान्य केला. तेव्हा मासा दुकानात होता आणि ठणठणीत होता.

मग पानं मांडायला सुरुवात झाली. गोठवलेली कोळंबी झाली, लाल अळ्या झाल्या, लसणाच्या रसात मुरवलेले दाणे झाले. पनवेलच्या बाजारातून कुमारने ताजा जवळाही आणला. तोही नापसंत. कोळणीकडे तक्रार नेली तर ती म्हणाली, "आमचा जवला ताजा हाय. खात नाय तर मासा बदला."

प्रकरण एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं राहिलं नाही, तेव्हा सोसायटीने 'मत्स्य भोजन उपसमिती' स्थापन केली. निमंत्रक म्हणून माझी एकमताने निवड झाली. (मी सभेला गैरहजर होतो.) समितीकडे एकूण सत्तावीस सूचना आल्या. त्यांपैकी मासा पाळलेल्यांच्या शून्य, मासा खाणाऱ्यांच्या चोवीस आणि उरलेल्या तीन शोभाकाकूंच्या, ज्या यातलं काहीच करत नाहीत.

शोभाकाकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. जो मिठातच राहतो त्याला मिठाचा काय उपयोग, अशी हरकत तळमजल्यावरच्या निनादने घेतली. ती धर्मात ढवळाढवळ म्हणून फेटाळण्यात आली. त्यानंतर आग्रह सुरू झाला. रोज संध्याकाळी झाडून सगळी समिती काचेला नाक लावून उभी राहायची. कुमार चिमट्यात कोळंबी धरून हलवायचा आणि मागून आम्ही एका सुरात, "घ्या हो जावईबापू, एवढा एकच. आम्हाला बरं वाटेल!" हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हेही करून पाहिलं. माशाला जवळचं वाटावं म्हणून बगळ्याचाही एक घास घालावा, अशी सूचना आली होती. ती थोड्या विचारानंतर मागे घेण्यात आली.

आम्ही जितका आग्रह करू तितका मासा खडकाच्या मागे सरकायचा. 'लाजतोय', अशी समितीने नोंद घेतली. पण त्याच्या कुशी आत गेल्या होत्या आणि पट्टे फिकट पडले होते. कुमारचंही जेवणावरून लक्ष उडालं होतं. "काका, हा माझ्यादेखत जाणार," तो मला म्हणाला. मला त्याचं खरोखर वाईट वाटलं. सोफ्याचं माप घ्यायला दुकानातला माणूस येऊन गेला होता.

अशातच सोसायटीतल्या निकेशचं लग्न आलं, शिरढोणजवळच्या हॉलवर. भर दुपारी सगळे निघाले. कुमारला हाक मारायला मी वर गेलो, तर तो चपला घालून दाराशी उभा आणि सुमती स्वयंपाकघरात. आदल्या दिवशी कालवणासाठी आणलेल्या तिसऱ्यांमधली एक शिंपली तिने उघडली, ती तशीच टाकीतल्या खडकाच्या फटीत ठेवली आणि टाकीकडे पाठ करून पर्स उचलली.

"ठेवलंय तिथे," ती म्हणाली. "भूक लागली तर खा. नसेल खायचं तर राहू दे."

घरात रुसलेल्या माणसासाठी ताट झाकून ठेवताना जो आवाज लागतो, तोच. सोफ्याचा विषय मी दबक्या आवाजात काढून पाहिला. "घरात कुणी उपाशी असलं की मला बाहेरचं गोड लागत नाही," एवढं म्हणून तिने कुलूप लावलं.

पंगतीत कुमार डाव्या हाताने पान झाकून बसला होता आणि उजव्या हातातल्या मोबाईलवर घरच्या कॅमेऱ्यातून टाकी बघत होता. वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोर उभा. तेवढ्यात जावईबापू खडकामागून बाहेर आले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर शिंपलीत चोच घातली आणि सगळं साफ केलं. "जेवला!" म्हणून कुमारने दोन्ही हात वर केले. वाढपी याच क्षणाची वाट बघत होता; त्याने अख्खं ताट पानात रिकामं केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. निकेशच्या वडिलांना वाटलं, जिलबी जमली.

टाकी राहिली, सोफा गेला. समितीने पुढच्याच बैठकीत या यशाबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं आणि ठराव केला की माशाला जेवताना कुणीही बघू नये. टाकीवर आता सुमतीच्या जुन्या साडीचा पडदा आहे. पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून पडदा बघतात. हाच नियम घरच्या पाहुण्यांनाही लावावा, असं सुमतीने सुचवलं होतं: वाढून ठेवावं आणि बाजूला व्हावं. सूचना एकमताने नामंजूर झाली. मासा गावभर सांगत नाही, पाहुणा सांगतो.

आणि तुम्ही? पहिल्या ओळीपासून तुम्हीही आमच्यासारखेच काचेला नाक लावून उभे आहात, खाल्लं का, खाल्लं का म्हणून. जरा बाजूला व्हा, त्याची जेवायची वेळ झाली. इकडे या, खुर्ची घ्या. समितीला सध्या काही काम नाही, आणि तुम्ही फार वाळलेले दिसताय. नाही कसं? एवढा एकच घ्या. आम्हाला बरं वाटेल.