बिनदारी वेशीस दार लागले त्याची हकीकत

श्री वेशीमाय राखो. वाचणाऱ्याचे कल्याण असो, आणि ज्यास डुलकी येईल त्याने उठून तोंडावर पाणी मारून यावे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरी, उत्तरेस थोर पातशाही, दक्षिणेस अकरा राजांची जूट, आणि मध्ये एक चिमुकले राज्य. तेथील वडिलोपार्जित रिवाज ऐसा जे, कोणाचा पक्ष धरणे नाही, वेशीस दार नाही, आणि वेशीवरील पाणपोईत आल्यागेल्यास "कोणाकडचे?" म्हणून पुसणे नाही. पाणी गोजराबाई देत. त्यांची लेक सारजा उत्तरेस दिली होती, ती दर संक्रांतीस माहेरी येत असे.

मग पातशहाने शेजारचे राज्य, तेही बिचारे कोणाच्या अध्यात ना मध्यात, एका सकाळीत गिळिले, आणि इकडे सर्वांची झोप उडाली! राणी मैनावतीसाहेब यांनी दरबार भरविला आणि बोलिल्या, "जुटीत जावे म्हणतो. जुटीची पहिली अट, वेशीस दार." आणि गोजराबाईंस पुसिले, "बाई, लेक तुमची पलीकडे. मन काय म्हणते?" बाई बोलिल्या, "त्या शेजाऱ्यांचीही पाणपोई होतीच की, आईसाहेब. फौज पाणी प्याली आणि रांजण फोडून गेली. लावा दार."

मग दार लाविले. परंतु या मुलखात कडी लावावी ती घराबाहेर पडताना, इतकेच सुतारांस ठाऊक. त्यांनी वेशीची कडीही बाहेरून बसविली! जुटीचे वकील पाहावयास आले आणि पोट धरून हसले, "वाहवा! शत्रूने यावे आणि तुम्हांसच कोंडून जावे!" प्रधान त्रिंबकपंत लाजेने तांबडेलाल जाहले आणि कडी उपटून आत लावविली. तेव्हा गोजराबाई बोलिल्या, "पंत, हात लावलाच आहे तर दारात एक लहानगे दार, दिंडीही कापा."

"अहो बाई, दिंडीतून शत्रू शिरेल की!"

"शिरेल तो एकेक शिरेल, आणि मान वाकवून शिरेल. तेवढ्यास मी पुरी पडते."

राणीसाहेब हसल्या आणि दिंडीची किल्ली बाईंचे हाती दिली.

तात्पर्य, राज्य जुटीत गेले, बरे केले, दुजा इलाज नव्हता, आणि दाराआड झोप गाढ लागते हेही खरे. परंतु संक्रांत आली, दिंडीवर थाप पडली, आणि गोजराबाईंचे तोंडून जन्मात प्रथम निघाले, "कोण ते? कोणाकडचे?"

बाहेरून सारजा बोलिली, "आये, हे कधीपासून पुसू लागलीस?"

येणेप्रमाणे वेशीस दार लागले.