उजवीकडे वळलं की बाणकोट

नाखवांच्या खोलीत गेलेल्या माणसाला लगेच बसता येत नसे. आधी दारातच उभं राहावं लागे. नाखवा डोळे बारीक करून त्याला वरपासून खालपर्यंत बघत, मनातल्या मनात तोलत, आणि मग फर्मान निघे, "तुमी तिथं, भिंतीकडं. जरा मागं. हां. आता तुमी हिकडं सरका." सतरंजीवर चार माणसं असोत की दहा, दोन्ही बाजूंचा भार सारखा झाल्याशिवाय चहा मिळत नसे. मध्येच एखादा हात धुवायला उठला, तर उरलेल्यांना सरकून त्याचा भार भरून काढावा लागे.

शरफुद्दीन नाखवा मूळचे सावित्रीच्या खाडीवरचे. आजोबांपासून घरची 'तर' होती. म्हणजे माणसं, बकऱ्या, नव्या नवऱ्या आणि मासळीच्या पाट्या या काठावरून त्या काठाला नेणारी मोठी होडी. तरीत ज्याने त्याने आपल्या मर्जीने बसायचं ठरवलं तर ती कलंडते, म्हणून कोणी कुठे बसायचं ते तरीचा मालक सांगतो, आणि तिथे मामलेदारसुद्धा मुकाट्याने बसतो. त्यामुळे नाखवांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते, मधी बसवायचे आणि कडेला बसवायचे. धर्म, देश, हुद्दा वगैरे गोष्टी त्यानंतर.

मी अकोल्याचा. पाणी मला तांब्यात आवडतं. सौदीतल्या जुबैल गावात एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी रक्त-लघवी तपासायचं काम करत होतो, आणि नाखवा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटे राहत. मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगून सांगून मी थकलो. "इस्पितळात जातो तो डॉक्टर," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवून टाकला होता. वजनाने मी मधी बसवायच्या प्रकारात मोडत होतो, याचा मला उगाचच अभिमान वाटे.

नाखवांचं कामही त्यांच्यासारखंच जगावेगळं. जुबैलच्या कारखान्यांची यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी आणतात. त्यासाठी वाळवंटातून भलाथोरला सिमेंटचा कालवा काढलेला आहे. त्यात शेवाळ येतं, शिंपले येतात, हंगामात जेलीफिशच्या फौजा येतात. हे सगळं जाळ्याने ओढून काढायला एक रुंद, चपट्या तळाची इंजिनाची होडी होती, आणि ती नाखवा चालवत. दोन्ही बाजूंना वाळू, वर ऊन, आणि मधून आमचे नाखवा डोक्याला टॉवेल गुंडाळून सुकाणूपाशी उभे. कालव्याच्या काठी जे जे दिसे त्याला त्यांनी आपल्या खाडीवरच्या गावांची नावं देऊन टाकली होती. पंपाचं घर म्हणजे दासगाव, क्लोरीनची टाकी म्हणजे आंबेत, मधला विजेचा खांब म्हणजे महाप्रळ, आणि पार टोकाला, जिथे कालवा समुद्राला मिळतो, ते बाणकोट. हाताखालच्या बंगाली गड्याला त्यांनी ही नावं इतकी पढवली होती, की तो साहेबाला बिनतारीवर "सर, महाप्रळ में जेलीफिश बहुत है" असं कळवी, आणि साहेबही "ओके, महाप्रळ" म्हणे.

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्याकडे पळापळ सुरू झाली. कुवेतकडून येणाऱ्या, टपावर गाद्या बांधलेल्या गाड्यांची रांग लागली. गोऱ्या इंजिनियरांची कुटुंबं आठवड्याभरात गडप झाली. नाखवांच्या कफीलनेही, म्हणजे त्यांचा व्हिसा आणि ती होडी ज्याच्या नावावर होती त्या सौदी मालकानेही, कुटुंबकबिला गाडीत घातला आणि जेद्दाहकडे कूच केलं. जाताना होडीची किल्ली नाखवांच्या हातात ठेवून म्हणाला, "खलास, ही आता तुझी." दुसरा एखादा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. नाखवा पेढे वाटत आले. सगळं गाव फ्रीज आणि सोफे विकत होतं, तेव्हा हा माणूस होडीचा मालक झाला होता.

आमची गोष्ट वेगळी. इस्पितळाने सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. लढाई लागली तर माणसं लागणार. पासपोर्ट इस्पितळाच्या तिजोरीत, आणि बाहेर जायचा शिक्का त्यांनी दिल्याशिवाय मिळत नाही. माझी बायको शोभा आणि दुसरीतली मिताली यांना तरी जाऊ द्या म्हणून मी विनवण्या केल्या. शोभाच म्हणाली, "आम्ही एकट्या जाणार नाही." ती असं म्हणाली आणि मी आतून पार खचलो. अडकलेल्या उंदराला पिंजऱ्यात बायको-मुलगीही दिसावी, तसं झालं. रात्री मला झोप लागेना.

नाखवांनी माझा चेहरा बघितला आणि एका शुक्रवारी जाहीर केलं, "डॉक्टर, कायबी भिऊ नका. आपली होडी हाय. येळ आली की समद्यांना घालून बाणकोट."

"इथलं बाणकोट?"

"कोकणातलं वो! दर्यात निघालो की उजवीकडं वळायचं. हॉर्मुझ आलं की परत उजवीकडं. मंग किल्ला दिसेपरेन सरळ. शिक्का नाय नि पासपोर्ट नाय."

हसाल तुम्ही. मीही आज हसतो. त्या दिवशी मात्र मला तो बेत अगदी पक्का वाटला. मी नकाशा काढून बघितला, आणि खरंच, दोनदाच उजवीकडे वळायचं होतं.

मग रंगीत तालीम झाली. कुंपणावरचा पठाण पहारेकरी नाखवांचा दोस्त. त्याच्या मेहरबानीने आमच्या इमारतीतली सगळी मंडळी एका सकाळी पंपाच्या घरापाशी बांधलेल्या होडीत चढली. नाखवांच्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं होतं. मितालीला त्यांनी अगदी पुढच्या टोकाला बसवलं, "पोरगी हलकी हाय, तिला दूरचं दिसंल." शोभाला डावीकडे, मला बरोबर मधे, इंजिनाला टेकून. पहिल्या मजल्यावरचे हैदराबादी सिद्दिकीसाहेब देहाने अवाढव्य. त्यांना एकदा इकडे, एकदा तिकडे असं फिरवून शेवटी माझ्या पाठीशी आणून ठेवलं. "सिद्दिकीसाब, आप हिलना मत. आप हिले तो पूरा मुलुख हिला." सिद्दिकीसाहेबांनी पोटावर हात बांधून कबूल केलं. होडी काठाला बांधलेलीच होती. समोर कालवा सरळ दूर गेलेला, आणि टोकाला निळी रेघ दिसत होती. ती रेघ बघून मला किती महिन्यांनी पोटभर श्वास घेता आला.

त्यानंतर दर शुक्रवारी मी नाखवांबरोबर होडी बघायला जाई. इंजिन सुरू होतं ना, डिझेल आहे ना, दोर मजबूत आहे ना. नाखवा शांतपणे सगळं दाखवत. शोभा म्हणे, "जा, बघून या तुमची जागा." घरी आलो की मला गाढ झोप लागे.

जानेवारीत लढाईला खरंच तोंड फुटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, विषारी वायूपासून वाचायला तोंडाला लावायचे मुखवटे वाटले गेले, शाळा बंद झाली. भोंगा वाजला की सगळी इमारत नाखवांच्या खोलीत जमे, कारण ती तळमजल्यावर होती आणि तिला एकच खिडकी होती. बाहेर क्षेपणास्त्राची भीती, आत नाखवा दारात उभे. "थांबा, थांबा, आधी सिद्दिकीसाब येऊ द्या. तुमी उजवीकडं. ताई, तुमी पोरीला घेऊन हिकडं." मुखवटे चढवलेली आम्ही माणसं हत्तीच्या पिलांसारखी एकमेकांकडे बघत नेमून दिल्या जागी बसत असू.

"अरे नाखवा, कमरा थोडी डूबता है?" सिद्दिकीसाहेब मुखवट्यातून घुमत.

"बैठो तो सही," नाखवा म्हणत. आणि खरं सांगतो, आपली जागा ठरलेली असली की भोंग्याचा आवाज जरा लांबून येतो. मितालीही "नाखवाचाचा, आय नो माय प्लेस" म्हणून पळत जाऊन बसे.

पुढे समुद्रात तेल सांडलं. काळा तवंग किनाऱ्याने सरकत आमच्याकडे यायला लागला. तो कालव्यात शिरला असता तर कारखाने बंद पडले असते, म्हणून माणसं दिवसभर कालव्याच्या तोंडाशी तरंगते अडसर टाकत होती. त्या चिकट काळ्या घाणीवरून नाखवा घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. इस्पितळात माणसांची चणचण, म्हणून ड्रायव्हरबरोबर ॲम्ब्युलन्समधून मीच गेलो. नाखवांनी बाणकोट म्हणून नाव दिलेली ती जागा मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितली.

कालव्याच्या तोंडाला लोखंडी गजांची भिंत होती. पाण्याच्या तळापासून माणसाच्या डोक्याच्या वर. तिच्यामागे जाळ्या, त्यांच्यामागे आणखी गज. समुद्राचं पाणी आत यायचं, पण त्या गजांतून एखादं मांजरसुद्धा बाहेर गेलं नसतं, मग होडीची गोष्टच सोडा. कालवा बांधला तेव्हापासून ती भिंत तिथे असणार. मी बघतच राहिलो. उजवीकडे वळायला मुळात वाटच नव्हती.

नाखवा काठावर मोडलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. मी गजांकडे बघतोय हे त्यांनी बघितलं आणि मान वळवली. मला आधी राग आला. मग त्यांच्या दाढीला लागलेलं ते काळं तेल दिसलं, आणि राग कुठे गेला कळलं नाही. मनगटाला फळी बांधताना मी म्हणालो, "नाखवा, हात बरा होईपर्यंत सुकाणू कोण धरणार? घाई करू नका. आपल्याला काही आजच निघायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हां," म्हणाले, "दम धरू."

घरी मी चकार शब्द काढला नाही. शोभाला आणि पोरीला तेवढाच एक आधार होता, तो मी कसा काढून घेऊ? पुढच्या शुक्रवारी मी नेहमीसारखाच होडी बघायला गेलो आणि डिझेल आहे ना, असंही विचारलं. सगळ्या घराची भीती आपण एकट्याने पोटात ठेवली आहे, असं वाटून मला स्वतःबद्दल फार आदर वाटू लागला होता. आश्चर्य म्हणजे आता मला भीतीही कमी वाटत होती. वाटायला वेळच नव्हता.

फेब्रुवारी सरता सरता लढाई थांबली. इमारतीत जिलेबी झाली. इस्पितळाने रजा मोकळ्या केल्या आणि आमच्या पासपोर्टवर शिक्के पडले. त्या संध्याकाळी सामान बांधताना मी शोभाला समोर बसवलं आणि घसा खाकरून म्हणालो, "तुला एक सांगायचं आहे. धक्का बसेल. ती होडी समुद्रात जाऊच शकत नव्हती."

शोभा साडीची घडी घालत म्हणाली, "हो. गज आहेत ना तिथे."

"तुला कसं माहीत?"

"नाखवांनीच सांगितलं होतं. अगदी पहिल्या आठवड्यात. सिद्दिकींनाही सांगितलं होतं, सगळ्यांनाच."

"पप्पा, एव्हरीबडी न्यू," मिताली आतून ओरडली.

मी मटकन पलंगावर बसलो. म्हणजे ती तालीम, त्या जागा, सिद्दिकीसाहेबांचं ते पोटावर हात बांधून बसणं, हे सगळं एकट्या माझ्यासाठी! आख्खी इमारत मला झोप लागावी म्हणून होडीत बसली होती. लाजेने माझे कान तापले.

शोभा शेजारी येऊन बसली. "रागावू नका. मी त्यांना म्हटलं होतं, नाखवाभाई, एवढं सोंग कशाला? तर त्यांचे डोळेच भरून आले. म्हणाले, ताई, गावाला खाडीवर पूल झाला. तेव्हापासून घरची तर काठाला उलटी पडून हाय. बायको गेली, पोरं मुंबईला. माझ्या होडीत भरवशानं बसणारा माणूस मी किती वर्षांत बघितला नाय. ह्यो एक डॉक्टर बसलाय, त्याला उठवू नका."

मग मी खाली गेलो. नाखवा स्टोव्हवर एका हाताने चहा करत होते. दुसरा अजून गळ्यात बांधलेला. मागे न बघताच म्हणाले, "शिक्के पडले ना, डॉक्टर? बरं झालं. आता इमानानं झ्याक जाल."

"जावं तर लागणार," मी म्हणालो. "पण त्या विमानाचा मला काही भरवसा वाटत नाही, नाखवा. ते कोण चालवतो, कुठून नेतो, काही ठाऊक नाही. तुम्ही असता तर मी डोळे मिटून बसलो असतो."

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो नव्हतो. नाखवांनी मान वळवली नाही. चहा केव्हाच उकळला होता, तरी ते तो ढवळतच राहिले.